तुरळक ठिकाणी नाना

मे महिन्याचा दुसरा आठवडा उजाडला की आमच्या सोसायटीत बिनबोभाट सत्तांतर होतं. एरवी इथे चेअरमन आहेत, सेक्रेटरी आहेत, टँकरच्या पावत्या जपून ठेवणारे खजिनदार आहेत. पण एकदा का दुपारी तीनच्या सुमारास कात्रजच्या बाजूला ढग डोकं वर काढू लागले, की ही सगळी मंडळी नावापुरती उरतात आणि बी विंगच्या दुसऱ्या मजल्यावरचे नाना कारभार हाती घेतात. शनिवार-रविवारी ज्याचं ज्याचं काही उघड्यावर ठरलेलं असतं, तो प्रत्येक जण गुरुवारपासून त्यांच्या दाराशी घुटमळायला लागतो. प्रश्न एकच. "नाना, शनिवारी पडेल का हो?"

या प्रश्नाचं उत्तर नाना कधीही देत नाहीत. उत्तराच्या बदल्यात ते जे देतात, ते ऐकायला मात्र पाऊण तास लागतो.

अशी माणसं पुण्यात पेठेपेठेला आणि विंगेविंगेला सापडतात. त्याला कारण आहे. हवामान खात्यानं 1928 साली सिमल्याहून आपलं बिऱ्हाड या गावात आणलं. त्या इमारतीला लोक आजही सिमला ऑफिस म्हणतात, आणि 'सिमला ऑफिसला घ्या' म्हटलं की रिक्षावाला हिमाचलचं भाडं न सांगता निमूट शिवाजीनगरला आणून सोडतो. पाषाणला उष्णदेशीय हवामानशास्त्राची मोठी संस्था आहे. मतं पुणेकराला मुळातच असतात. हवामानाच्या बाबतीत त्याला शेजारही लाभला. नाना या दोन्हीपैकी कुठेच नोकरीला नव्हते. ते बँकेत होते, कर्ज विभागात. समोरचा माणूस फेडेल की बुडवेल याचा अंदाज आयुष्यभर बांधायचा, पण कागदावर 'फेडेल' असंही लिहायचं नाही आणि 'बुडवेल' असंही नाही, ही विद्या तिथे त्यांच्या अंगात मुरली. निवृत्त झाल्यावर त्यांनी ती ढगांना लावली.

त्यांची वेधशाळा आटोपशीर आहे. फोनवर हवामान खात्याचं 'मौसम' आहे, विजांसाठी 'दामिनी' आहे आणि शेतकऱ्यांसाठी काढलेलं 'मेघदूत'सुद्धा आहे. नानांची शेती म्हणजे गॅलरीतल्या चार कुंड्या, त्यातल्या एकीत कढीपत्ता. पण पीक-सल्ला ते मन लावून वाचतात आणि तुरीवर कोणती फवारणी करावी हे आमच्या लिफ्टमध्ये सांगतात. गच्चीच्या कठड्यापासून जरा लांब, पाण्याच्या टाकीच्या सावलीत येणार नाही अशा जागी त्यांचा पर्जन्यमापक उभा असतो. म्हणजे वरपासून खालपर्यंत एकच रुंदी असलेली काचेची बरणी, बाहेरून चिकटवलेली प्लॅस्टिकची पट्टी आणि मांजरानं पाडू नये म्हणून भोवती तीन विटा. बरणी मूळची काकूंची, लोणच्याची. ती परत मिळावी म्हणून काकूंनी बरेच प्रयत्न केले. "दुसरी आणून देतो," असं नाना दर वर्षी म्हणतात आणि दर वर्षी लोणचं वेगवेगळ्या आकाराच्या चार बाटल्यांत घातलं जातं.

शिवाय एक वही आहे, बँकेच्या खतावणीसारखी उभ्या रेघांची. रोज सकाळी साडेआठच्या ठोक्याला नाना गच्चीवर जातात, बरणीसमोर उकिडवे बसतात, डोळा पट्टीच्या रेषेत आणतात आणि वहीत आकडा लिहितात. मे महिन्यात हा आकडा बहुतेक दिवशी शून्य असतो. पण शून्यसुद्धा ते वाकून, बघून, खात्री करूनच लिहितात. "न बघता लिहिलेलं शून्य म्हणजे अफरातफर," असं त्यांचं म्हणणं.

आता त्यांच्या बोलीविषयी. नाना घरगुती मराठी बोलतात, पण शनिवारचा प्रश्न आला की ते एकदम बुलेटिनमध्ये शिरतात. "मध्य महाराष्ट्रात तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह, विजांच्या कडकडाटासह, ताशी 40 ते 50 किलोमीटर वेगाच्या सोसाट्याच्या वाऱ्यासह हलक्या ते मध्यम पावसाची शक्यता." हे वाक्य ते एका दमात म्हणतात. विचारणारा म्हणतो, "म्हणजे?" त्यावर नाना चष्मा कपाळावर चढवतात. त्यांना हवा असतो तो हाच प्रश्न.

"तुरळक म्हणजे जितकी म्हणून मोजायची केंद्रं आहेत, त्यांतल्या फार तर चौथाईवर पाऊस. चौथाईच्या वर गेलं की 'काही ठिकाणी'. निम्म्याच्या वर 'बऱ्याच ठिकाणी'. पाऊणच्या वर गेलं की मग छत्री. हे शब्द उगाच वापरलेले नसतात, ठरवून दिलेले असतात. तुम्ही वर्तमानपत्रात फक्त 'यलो अलर्ट' वाचता आणि माझ्याकडे धावता. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. नारिंगी म्हणजे तयारीत राहा. लाल म्हणजे हला. पिवळ्यात कुणी कुणाच्या दाराची बेल वाजवायची नसते."

"ते ठीक आहे नाना, पण कोथरूडमध्ये?"

"कोथरूड हे ठिकाण आहे. ठिकाण तुरळक असू शकतं."

एवढ्यावर माणूस परत जाईल तर नाना निराश होतात. चिवट माणूस त्यांना आवडतो. त्याला ते गॅलरीत नेतात, ओला हातरुमाल उंच धरून वारा कुठून येतोय ते दाखवतात आणि मे महिन्यातलं आकाश समजावून सांगतात. ते सांगतात छान, हे कबूल करायला हवं. सकाळपासून जमीन तापते, तिला टेकलेली हवा हलकी होऊन वर निघते. एवढ्यानं भागत नाही, नुसती गरम हवा वर गेली तर फक्त घाम येतो. तिला ओल लागते. ती अरबी समुद्रावरून किंवा बंगालच्या उपसागरावरून येते, आणि मध्ये विदर्भापासून कर्नाटकापर्यंत कमी दाबाचा पट्टा पसरला असेल तर हे दोन वारे तिथे एकमेकांना भेटतात. भेटले की जागा उरत नाही, हवा वर. वर थंडी. दीड-दोनपर्यंत कापसाचे पुंजके दिसतात, तीनला त्यांचे फ्लॉवरचे गड्डे होतात आणि त्यातला एखादा हट्टी गड्डा बारा-बारा किलोमीटर चढून विमानांच्या वाटेवर जातो. मग त्याचा माथा ऐरणीसारखा सपाट पसरतो. "ऐरण दिसली की गाडी झाकून ठेवायची," नाना म्हणतात. शास्त्र इथे संपतं.

"पण अशा एका ढगाचं आयुष्य किती? अर्धा-पाऊण तास. तासभर राहिला तर वृद्धापकाळ. आज गुरुवार. शनिवारचा ढग अजून जन्मालाच आलेला नाही आणि तुम्ही माझ्याकडे त्याची पत्रिका मागताय!"

पत्रिकेवरून आठवलं. नानांना सोसायटीत दोन प्रतिस्पर्धी आहेत. पहिल्या म्हणजे ए विंगमधल्या आजी, पंचांगवाल्या. त्यांचं सगळं नक्षत्रावर आणि नक्षत्राच्या वाहनावर चालतं. बेडूक, म्हैस किंवा हत्ती वाहन असेल तर पाऊस भरपूर, कोल्हा-मेंढा असेल तर यथातथाच. सूर्याच्या नक्षत्रापासून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजायचं, नवानं भागायचं आणि बाकीवरून वाहन काढायचं, हा हिशेब त्या तोंडी करतात. नानांना वाहनं मान्य नाहीत, पण आजींचा भागाकार मान्य आहे, त्यामुळे दोघांत एक प्रकारचा आदर आहे. शिवाय आजी स्पर्धेत उतरतच नाहीत. "रोहिणी लागू दे, मग बोलू. तोवर पडतो त्याला काय पाऊस म्हणायचं? तो वळीव," म्हणून त्या मे महिन्याचे पहिले तीन आठवडे सरळ नानांना बहाल करून टाकतात.

दुसरा प्रतिस्पर्धी तापदायक आहे. तिसऱ्या मजल्यावरचा, आयटीतला. त्याच्या फोनवर परदेशी ॲप आहे आणि त्यात तासातासाला ढगाचं चित्र येतं. शनिवार, संध्याकाळी सात वाजता, ढग, त्याखाली तीन थेंब, साठ टक्के. नाना हे चित्र बघतात तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर बँकेत खोटी सही पाहिल्यासारखा भाव येतो.

"सात वाजता म्हणजे सातलाच? सव्वासातला चालणार नाही का?"

"नाना, मॉडेल सांगतंय."

"अरे, मॉडेल चौकटीत सांगतं. आपलं नवं देशी मॉडेल आलं, सहा किलोमीटरची चौकट. हल्ली जगात एवढी बारीक फार थोड्यांची. सहा किलोमीटरमध्ये आपलं कोथरूड, शेजारचं कर्वेनगर, वर वारज्याचा तुकडा, सगळं एका चौकटीत. त्यातल्या कुणाच्या गच्चीवर पडणार हे मॉडेल सांगत नाही. तुझं ॲप ते तीन थेंब काढतं, कारण अडीच थेंब काढता येत नाहीत."

तरीही लोक ॲपवाल्याकडे जात नाहीत, नानांकडेच येतात. मला बरेच दिवस याचं नवल वाटायचं. फोन प्रत्येकाच्या हातात आहे, अंदाज फुकट आहे, तरी दोन जिने चढून एका निवृत्त कर्ज-अधिकाऱ्याचं पाऊण तासाचं व्याख्यान का ऐकायचं? मग लक्षात आलं की त्यांना पाऊस जाणून घ्यायचाच नसतो. त्यांना कुणीतरी हवा असतो, ज्याचं नाव नंतर घेता येईल. फोनला 'तुझ्यामुळे झालं' म्हणता येत नाही. सहलीला गेलेली पोरं चिखलात माखून परत आली, तर बायकोला सांगायला 'नानांनी सांगितलं होतं' हे वाक्य लागतं. नाना हे वाक्य पुरवतात. फक्त ते इतक्या अटी-शर्तींसह पुरवतात, की वापरायच्या वेळी ते हातातून निसटतं.

एकदाच ते निसटलं नाही. 2025 च्या मे महिन्यात सोसायटीची गच्ची वॉटरप्रूफिंगला काढायची होती. ठेकेदाराला सलग दहा कोरडे दिवस हवे होते. नानांनी वही उघडली, मागच्या वर्षांचे आकडे लावले आणि आयुष्यात पहिल्यांदा तारीख दिली. 25 मे. पुण्यात मान्सून यायला एरवी जूनचा दुसरा आठवडा उजाडतो, त्यामुळे हिशेब चोख होता. जुना कोबा फोडला गेला. त्या वर्षी मान्सून 24 तारखेलाच केरळात उतरला होता. तो कोकणात चहालाही न थांबता 26 तारखेला पुण्यात आणि मुंबईत हजर झाला. मुंबईच्या नोंदीत एवढ्या लवकर तो कधी आलेला नव्हता. चौथ्या मजल्यावर बादल्या लागल्या. फार आरडाओरडा झाला. नानांनी सभेत उभं राहून निवेदन केलं, की आपण वळवाचे अंदाज देतो, मान्सून आपल्या अखत्यारीत येत नाही. शिवाय ते सहा किलोमीटरवालं मॉडेल सरकारनं देशाला अर्पण केलं तेही नेमकं 26 तारखेलाच, आणि आपण तर तारीख त्याच्या आधी दिली होती. हा बचाव कुणाला नीट कळला नाही, म्हणून तो टिकला. पण तेव्हापासून नानांनी तारीख हा शब्द सोडला. आता फक्त शक्यता.

ही शक्यता घरात मात्र चालत नाही. काकूंचं वाळवण असतं. कुरडया, साबुदाण्याच्या चकल्या, उडदाचे पापड. सकाळी सातला चीक शिजवायला टाकण्याआधी काकू स्वयंपाकघरातून विचारतात, "आज घालू का?" नाना सुरू करतात, "आज सकाळी किमान तापमान चढलेलं आहे, आर्द्रता बघता दुपारनंतर..." आतून आवाज येतो, "हो की नाही?" नाना म्हणतात, "नको." संपलं. बाहेरच्यांना पाऊण तास आणि घरात दोन अक्षरं. मी एकदा त्यांना यातली विसंगती विचारली. ते म्हणाले, "विसंगती नाही. कुरडया उद्या घालता येतात. पंचवीस टक्के शक्यता असली तरी 'नको' म्हणायला माझं काही जात नाही. उलट भिजल्या तर घरात काय होईल त्याची शक्यता शंभर टक्के." कर्ज देताना जे बघायचं तेच इथे बघायचं, बुडण्याची शक्यता किती आणि बुडालं तर किती बुडेल. हे दोन आकडे वेगवेगळे असतात, आणि लोक पहिलाच विचारून परत जातात, अशी त्यांची तक्रार.

आणखी एक माणूस आहे ज्याला नाना टक्के सांगत नाहीत. आमचा वॉचमन लातूरकडचा. मागे गावी भाऊ, थोडी जमीन, दोन बैल. मराठवाड्यात मे महिन्यात वीज कशी पडते आणि कुणावर पडते, हे त्याला नानांनी सांगायची गरज नाही. हवामान खातं पुढच्या तीन तासांपुरते जिल्हावार इशारे देतं, ते आले की नाना दुपारची झोप मोडून गॅलरीत येतात आणि खाली ओरडतात, "लातूर आहे रे! फोन लाव." तो भावाला फोन लावतो. भाऊ शिवारात असतो आणि म्हणतो, आभाळ तर निर्मळ आहे. नाना वरून फोनवरल्या भावाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगतात, "झाडाखाली थांबायचं नाही, बैल झाडाला बांधायचे नाहीत, घरी जा." भाऊ कुरकुरत घरी जातो. पुष्कळदा काहीच होत नाही, आणि संध्याकाळी वॉचमन संकोचून सांगतो, "नाना, भाऊ शिव्या देतो." नाना म्हणतात, "देऊ दे." दुसऱ्या दिवशी इशारा आला की पुन्हा गॅलरीत.

तर आता त्या शनिवारकडे येऊ.

ए विंगमधल्या एकांच्या मुलीचा साखरपुडा गच्चीवर ठरला होता. दीडशे माणूस, संध्याकाळी सहाचा मुहूर्त. मुलीचे वडील सोमवारपासूनच अस्वस्थ होते आणि गुरुवारी नानांच्या सोफ्यावर येऊन बसले.

"नाना, एवढंच सांगा, मांडव घालू की नको?"

"चाळीस टक्के."

"म्हणजे घालू?"

"चाळीस टक्के म्हणजे असे शंभर शनिवार आले, तर त्यातल्या चाळीसांना पाऊस पडेल."

"नाना, मला एकच मुलगी आहे. शंभर शनिवार मी कुठून आणू?"

नाना क्षणभर गप्प झाले. हवामानशास्त्रातला एवढा मूलभूत आक्षेप त्यांच्याकडे आजवर कुणी घेऊन आलं नव्हतं. मग त्यांनी कागद घेतला आणि दोन रकाने आखले. पत्र्याचा मांडव घातला तर खर्च इतका. नाही घातला आणि पाऊस आला तर दीडशे माणसांची जेवणं, व्याह्यांची नाराजी, शालूचं नुकसान. व्याह्यांच्या नाराजीपुढे काय आकडा लिहायचा यावर वीस मिनिटं गेली. मुलीच्या वडिलांनी पाच लाख सांगितले, काकूंनी आतून "आयुष्यभर" सांगितलं. हिशेब स्वच्छ निघाला, पत्र्याचा मांडव घालावा. "आणि वारा लक्षात घ्या," नाना दारापर्यंत सोडायला येऊन म्हणाले, "ताशी चाळीस ते पन्नास. पावसापेक्षा वारा वाईट."

मुलीच्या वडिलांनी सगळं ऐकलं, आभार मानले आणि कापडी मांडव सांगितला. पत्र्याच्या निम्म्या पैशात होत होता. पाऊस नाही आला तर फार खर्च झाला असं वाटायला नको आणि आला तर काहीच केलं नाही असंही नको, असा तो मधला मार्ग. मांडववाल्यानं वर गुलाबी झालर फुकट दिली.

शनिवारी पाचला कात्रज-सासवडची बाजू शाईसारखी काळी झाली. गच्चीवर मात्र ऊन. साडेपाचपासून पाहुणे यायला लागले. हडपसरचे पाहुणे आले ते निथळत. त्यांच्याकडे तासभर धोधो कोसळला होता, गाराही पडल्या होत्या, गाडीचे वायपर पुरे पडत नव्हते, आणि इथे कोरड्या ठणठणीत गच्चीवर लोक वाऱ्यासाठी पंखे फिरवून घेत होते. हडपसरच्या मावशींचे केस टॉवेलनं पुसताना कोथरूडच्या यजमानीण बाई ज्या नवलानं बघत होत्या, ते नवल परदेशातून आलेल्या माणसाच्या वाट्याला येतं. नाना ठेवणीतला सदरा घालून जिन्याच्या तोंडाशी उभे होते. प्रत्येक भिजलेल्या पाहुण्याला ते विचारत होते, "कुठून आलात? किती वाजता सुरू झाला?" आणि सदऱ्याच्या खिशातल्या चिठ्ठीवर टिपून घेत होते. "हडपसर महापालिकेतच येतं ना?" त्यांनी आयटीवाल्याला विचारलं. "मग पुण्यात पाऊस पडला. तुरळक ठिकाणी."

पावणेसातला, अंगठी बोटात जाण्याच्या जरासं आधी, एकाएकी गार झुळूक आली. सगळे "आहाहा" म्हणाले. नाना एकटेच "धरा!" म्हणाले. पाऊस ढगातून कोसळताना थंड हवा सोबत खाली आणतो. ती जमिनीवर आपटते आणि चारी बाजूंना पसरत सुटते. पाऊस दहा किलोमीटरवर आणि त्याचा वारा आपल्या दारात, असं होतं. हे सगळं नाना नंतर समजावणार होते. त्या वेळी कुणाला सवड नव्हती. कापडी मांडवानं एकदा श्वास घेतल्यासारखं केलं, चारही खांबांच्या दोऱ्या कडाकडा वाजल्या आणि गुलाबी झालरीसकट अख्खं छत उठून सी विंगच्या टाकीवरून पलीकडच्या गुलमोहरावर जाऊन बसलं. मठ्ठ्याचं पातेलं आडवं झालं. फोटोग्राफरनं सगळं टिपलं. त्या छायाचित्रात मुलगा-मुलगी एकमेकांकडे बघताहेत आणि मागे दोन्हीकडचे वडील एकाच दोरीला लटकलेले आहेत. पाणी म्हणाल तर थेंब नाही. अंगठ्या उघड्या आकाशाखाली, चांदण्यात घातल्या गेल्या. जिलब्या उत्तम होत्या.

निघताना मुलीचे वडील नानांसमोर थांबले. 'तुमच्यामुळे' या शब्दानं सुरू होणारं एक वाक्य त्यांच्या ओठांवर दिसत होतं. पण ते पुढे कसं न्यायचं ते त्यांना सुचेना, कारण नानांनी पाऊसही सांगितला होता, पाऊस नसणंही सांगितलं होतं आणि वारा तर दारापर्यंत येऊन सांगितला होता. शेवटी ते "जेवलात ना?" म्हणाले.

रात्री सव्वाला वळीव आमच्यावर आला. विजा अशा, की खिडक्यांची तावदानं थरथरली. बी विंगमध्ये आणखी एक आवाज होता. वीज चमकली की नाना मोठ्यानं सेकंद मोजत होते. "नऊ! भागिले तीन, तीन किलोमीटर!" मग कडकडाट. "सहा! दोन किलोमीटर!" वरच्या मजल्यावरून कुणीतरी ओरडलं, "नाना, झोपू द्या!" त्यावर नानांचं उत्तर आलं, "तीन! आता खिडकी लावून घ्या!"

सकाळी साडेआठला गच्चीवर बरीच गर्दी होती. आयटीवाला आला होता, मुलीचे वडील गुलमोहरावरून उतरवलेलं ओलं कापड पिळत होते, काकू बरणीवर नजर ठेवायला आल्या होत्या. नाना उकिडवे बसले, डोळा रेषेत आणला. "अकरा मिलीमीटर. आपली गच्ची चारशे चौरस मीटर धरा. चार हजार चारशे लिटर पाणी रात्री नळीवाटे गटारात गेलं. सोमवारी तुम्ही टँकर मागवणार." खजिनदारांनी दुसरीकडे बघितलं.

"पण नाना, शनिवार कोरडाच गेला," आयटीवाला म्हणाला. "पाऊस रविवारी पडला. सव्वा वाजता."

"तुझा शनिवार रात्री बाराला संपतो. हवामानाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो. शनिवारचा अंदाज आज साडेआठपर्यंत लागू. म्हणजे हा पाऊस शनिवारचा. चाळीस टक्क्यांत बसला."

आयटीवाल्यानं वहीत डोकावून बघितलं. "मग तुम्ही अकराचा आकडा रविवारच्या तारखेपुढे का लिहिताय?"

"नोंद ज्या सकाळी घेतात तिच्या तारखेला पडते. नियम आहे."

"म्हणजे अंदाज शनिवारचा आणि पाऊस रविवारचा?"

"दोन्ही बरोबर," नाना म्हणाले, आणि खरोखरच दोन्ही बरोबर होतं. आयटीवाला काही वेळ तोंड उघडं ठेवून उभा राहिला. मग खाली जाऊन त्यानं 'मौसम' डाउनलोड केलं.

मुलीच्या वडिलांनी कापड पिळून कठड्यावर वाळत टाकलं आणि हात पुसत पुढे आले. लग्न नोव्हेंबरच्या शेवटी धरलं होतं. व्याह्यांना लॉन हवं होतं, उघड्यावरचं, दिव्यांच्या माळा वगैरे. "नाना, आताच विचारून ठेवतो. नोव्हेंबरात काय? लॉन घेऊ की हॉल?"

नानांचा चष्मा कपाळावर चढला. "हे बघा, नोव्हेंबर म्हणजे मान्सून परतून गेलेला असतो, पण बंगालच्या उपसागरात तेव्हाच चक्रीवादळांचा मोसम. तिथे कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं आणि त्याची दिशा जर पश्चिमेकडे..."

"हॉल घ्या," बरणीतलं पाणी कुंडीत ओतत काकू म्हणाल्या.

मुलीच्या वडिलांनी तिथल्या तिथे हॉलवाल्याला फोन लावला. नाना अजून उपसागरातच होते.